देवगिरीचे रक्षण कोणापासून?

सन २०२५ च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची गणना जगाच्या वारशात झाली. ती वार्ता येताच महाराष्ट्रात सर्वत्र जो आनंद व्यक्त झाला, तो यथायोग्यच होय. त्या बारांपैकी अकरा किल्ले आपल्या राज्यातील आणि बारावा जिंजीचा तामिळनाडूतील. ज्या तटांकडे आमच्याच लोकांनी दोन शतके पाठ फिरविली होती, त्यांस जगाने मान दिला, ही गोष्ट कोणासही सुखावेल. परंतु आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर विचारी मनुष्याने एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा. तो असा की, यादीत नाव गेल्याने भिंतीतून झिरपणारे पाणी थांबते काय? आणि जे किल्ले या यादीत नाहीत, त्यांचा वाली कोण?

या दुसऱ्या वर्गातील एका किल्ल्याविषयी आज आम्ही लिहिणार आहो. देवगिरी ऊर्फ दौलताबाद या बारांत नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची आहे आणि देवगिरी त्या व्यवस्थेचा मुख्य भाग नव्हता. तथापि बांधणीच्या दृष्टीने पाहिल्यास दख्खनमध्ये याच्या तोडीचे दुर्ग फार थोडे निघतील. हा किल्ला भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा ठरलेला आहे. म्हणजे कागदोपत्री त्याचे संरक्षण पूर्ण आहे. कागद आणि दगड यांत किती अंतर पडते, हे पाहण्यास म्हणूनच देवगिरीसारखे दुसरे उदाहरण नाही.

प्रथम या वास्तूचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. कारण जी वस्तू आपणांस नीट कळली नाही, तिचे रक्षण आपल्या हातून होणे शक्य नाही. सपाट मैदानातून एकटाच उठलेला शंकूच्या आकाराचा सुमारे सहाशे फूट उंचीचा हा डोंगर. यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस, सन ११८७ च्या सुमारास, येथे राजधानी वसविली. पुढे केव्हा तरी डोंगराचा पायथा चोहोबाजूंनी असा तासून काढण्यात आला की, दीडशे फूट व त्याहून अधिक उंचीचा उभा कडा तयार झाला. इतर किल्ल्यांत मनुष्य डोंगरावर तट चढवितो. येथे डोंगरच तासून त्याचा तट केला आहे. कड्याच्या पायाशी खडकात खोदलेला खोल खंदक, त्यावरून जाणारा एकच अरुंद पूल, आणि पुलापलीकडे लागलीच ज्यास लोक ‘अंधारी’ म्हणतात तो खडकाच्या पोटातून वळणे घेत चढणारा काळोखी मार्ग. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण ठेवून त्यावर अग्नी पेटविला की आतला शत्रू धुराने गुदमरावा, अशी योजना होती म्हणतात. वाटाडे याहूनही पुष्कळ भयंकर गोष्टी सांगतात. त्यांतील निम्म्या ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून रचलेल्या असतात, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. अतिशयोक्तीचा हा रोग जुना आहे. चौदाव्या शतकात येथे आलेला इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी येथील तळघरातले उंदीर मांजरांहून मोठे असल्याचे लिहून गेला आहे.

डोंगराभोवती एकाबाहेर एक असे तीन कोट आहेत: काळाकोट, महाकोट आणि सर्वांत बाहेरचा अंबरकोट. महाकोटाचे दरवाजे एकापुढे एक सरळ रेषेत नाहीत. प्रत्येक दरवाजानंतर वाट वळते, लहानसा चौक लागतो, आणि त्या चौकात सापडलेल्या मनुष्यावर चारी बाजूंच्या चर्यांमागून आणि जंग्यांतून मारा करता येतो. दारांवर अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीस धावत येऊन धडक देण्याइतकी सरळ जागा कोठेही मिळू द्यावयाची नाही, हे त्या वळणांचे गणित. पाण्याची व्यवस्था तर स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. उत्तरेकडील आबपाश दऱ्यात बांध घालून साठविलेले पाणी खापरी नळांनी खाली शहरात व किल्ल्यात आणलेले होते. विस्तीर्ण हत्तीहौद आणि ठिकठिकाणची टाकी त्याची साक्ष देतात. आमच्या नगरपालिकांना आजही जे धड साधत नाही, ते त्या काळच्या लोकांनी उतार, बांध आणि भाजलेली माती एवढ्यावर साधले होते.

आता इतिहासाकडे वळू, कारण रक्षणाचा प्रश्न इतिहासातच गुंतलेला आहे. ज्या रामचंद्रराव यादवाचा ज्ञानेश्वरीच्या शेवटी उल्लेख येतो, त्याच्याच कारकिर्दीत सन १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चाल करून आला. राजपुत्र शंकरदेव सैन्यासह दूर होता. राजा किल्ल्यात शिरला आणि दरवाजे बंद झाले. कडा, खंदक, दरवाजे, सर्व काही अभेद्य होते. फिरिश्ता सांगतो की, घाईघाईने आत घेतलेली धान्याची म्हणून समजलेली पोती उघडून पाहिली, तो त्यांत मीठ निघाले! व्यापारी वाचकांस या गोष्टीचा अर्थ इतरांहून लवकर कळेल. कोठारातला माल कोणी मोजला नव्हता, पोते कोणी उघडून पाहिले नव्हते. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, किल्ल्याने दार उघडले ते उपासमारीच्या भयाने. कडा कोणी चढून आला नाही. पुढे १६३३ मध्ये मोगलांचा सरदार महाबतखान याने निजामशाहीचा हा शेवटचा मोठा आधार वेढला, तेव्हाही बाहेरचे कोट सुरुंगांनी फुटले खरे, परंतु बालेकिल्ला मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान याने आतील दुष्काळ आणि पदरात पडणारा पैसा पाहून खाली करून दिला. दोन्ही वेळां दगडाने दगा दिला नाही; ज्यांच्याकडे राखण होती, त्यांची व्यवस्था कमी पडली.

यादवांनंतर खिलजी आले, नंतर तुघलक. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी येथे आणून दौलताबाद हे नाव दिले. १३४७ मध्ये बहामनी राज्याचा आरंभ येथेच झाला. पंधराव्या शतकात चांदमिनार उठला. निजामशाहीच्या दरबारात याच ठिकाणी १६२९ मध्ये जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव मारले गेले. मोगल अमलात डोंगराच्या माथ्यानजीकची बारादरी झाली, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन मरेपर्यंत चिनी महालात बंदिवान राहिला. उदगीरच्या १७६० च्या विजयानंतर काही काळ किल्ला मराठ्यांकडे आला आणि पुन्हा निजामाकडे गेला. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे येथील किल्लेदार होते, हे तर वारकऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. एकट्या एका इमारतीचे उदाहरण घ्या. सन १३१८ च्या सुमारास बांधलेल्या मशिदीस मंदिरांचे खांब लावलेले आहेत, आणि आज त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती आहे.

असा हा किल्ला कोणा एकाचा नाही, आणि हीच त्याची अडचण होऊन बसली आहे. रायगडाविषयी मराठी मनुष्याचे प्रेम एकनिष्ठ आहे. म्हणून तेथील समाधीच्या जीर्णोद्धारासाठी लोकमान्यांनी १८९५ मध्ये हाक देताच गावोगावहून पैसा जमू लागला. देवगिरीविषयी कोणास यादवांचा तेवढा थर हवा असतो, कोणास सुलतानांचा तेवढा, आणि उरलेला भाग जणू शेजाऱ्याचा आहे अशा नजरेने पाहिला जातो. नाव देवगिरी असावे की दौलताबाद, या वादात जितकी शाई खर्च झाली, तिच्या दशांशाने येथील भिंतींच्या डागडुजीविषयी विचारणा झाली असती, तर बरे झाले असते. नाव कोणतेही घ्या. पिंपळाचे मूळ दोन्ही नावांच्या भिंतीत सारखेच शिरते.

कारण आज देवगिरीवर जो वेढा पडला आहे, तो पाण्याचा, मुळांचा, सिमेंटाचा आणि गाड्यांच्या वर्दळीचा आहे. भग्न वास्तूचे छप्पर गेले म्हणजे भिंतीचा माथा उघडा पडतो. माथ्यातील चुना धुऊन गेला की पावसाचे पाणी भिंतीच्या पोटात उतरते, आतली भर ओली होऊन फुगते, आणि बाहेरचा घडीव दगड एके दिवशी सुटून पडतो. त्या फटीत पक्ष्याने टाकलेले बी रुजते. पहिल्या वर्षी ते दोन पानांचे रोप असते व एका मजुराच्या हाताने निघते. दहा वर्षांनी तेच काढावयास गेल्यास भिंतच सोबत येते. उन्हाळ्यात गुडघाभर वाळलेल्या गवतास एक जळती विडी पुरते. या कामांत पांडित्याचे काही नाही. माथ्यावर चुन्याचा कोबा, पाण्यास वाट, दरसाल पावसाळ्यापूर्वी व नंतर झाडांची काढणी, वेळीच कापलेले गवत, एवढीच ही विद्या. परंतु अशा कामाचे उद्घाटन करता येत नाही, फीत कापता येत नाही, शिलालेखावर पाहुण्यांची नावे खोदता येत नाहीत; म्हणूनच ते मागे पडते.

उलट ज्याचे उद्घाटन करता येते असे काम लोकांस व पुढाऱ्यांस मोठे प्रिय आहे, आणि ते म्हणजे नवे बांधकाम. ‘किल्ला होता तसा पुन्हा उभारा’ ही मागणी आज प्रत्येक गडाविषयी ऐकू येते. तिच्यामागील भावना शुद्ध आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु होता तसा म्हणजे कोणत्या वर्षी होता तसा? देवगिरी भिल्लमाच्या काळी होता तसा उभारावयाचा झाल्यास चांदमिनार पाडावा लागेल. शहाजहानच्या काळचा उभारावयाचा झाल्यास आज जे खांब आपणांस यादवकालीन कारागिरी दाखवितात ते पुन्हा गिलाव्याखाली जातील. शिवाय वरच्या लाकडी मजल्यांचे नकाशे कोणापाशी आहेत? नसलेल्या पुराव्यावर जे उभे राहील, ते आजच्या ठेकेदाराच्या कल्पनेचे चित्र होईल, आणि तेही बहुधा सिमेंटात. सिमेंटाचा मोह तर विशेष घातक. चुना श्वास घेतो, ओल बाहेर जाऊ देतो, आणि भिंत किंचित हलली तर तिच्याबरोबर हलतो. सिमेंट ओल आत कोंडते. ती ओल आपल्याबरोबर क्षार घेऊन दगडाच्या तोंडाशी येते आणि दगडच सोलून निघू लागतो. जुन्या भिंतीस सिमेंटाचा दर्जा भरणे म्हणजे म्हाताऱ्याच्या अंगात लोखंडी अंगरखा घालून त्यास धडधाकट म्हणण्यासारखे आहे.

हा वाद केवळ आमच्याकडचा नाही. फ्रान्समध्ये कार्कासोन या तटबंद शहराची दुरुस्ती १८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक या नामांकित वास्तुतज्ज्ञाने केली. तटबंदी वाचली यात संशय नाही. परंतु दक्षिणेकडील त्या शहराच्या बुरुजांवर त्याने उत्तरेकडच्या धाटणीची टोकदार पाटीदगडी छपरे चढविली, आणि त्याविषयीचा आक्षेप आजतागायत मिटलेला नाही. जर्मनीत हायडेलबर्गचा राजवाडा फ्रेंचांनी १६८९ व १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा एक मोठा भाग पुन्हा उभारण्याची योजना निघाली, तेव्हा गेओर्ग देहिओ या इतिहासकाराने कडाडून विरोध केला. जतन करा, नवे करू नका, हा त्याचा आग्रह होता. तो भाग आज भग्न अवस्थेतच, परंतु भक्कम राखलेला उभा आहे, आणि त्यास पाहावयास जगभरचे लोक लोटतात. हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये आपल्या खात्यासाठी जी नियमपुस्तिका सिद्ध केली, तिचा रोखही हाच होता, आणि खात्याने २०१४ मध्ये जाहीर केलेले जतनाचे धोरण त्याहून फार वेगळे नाही. तेव्हा तत्त्वाचा अभाव नाही. दरवर्षी न चुकता पैसा, माणूस आणि देखरेख पुरविण्याचा अभाव आहे.

तो अभाव किती खोल आहे, हे सरकारच्याच हिशेबतपासनिसांनी दाखविले आहे. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालासाठी देशातील १६५५ संरक्षित स्मारके प्रत्यक्ष जाऊन पाहण्यात आली, तेव्हा त्यांतील ९२ जागेवर सापडलीच नाहीत! संरक्षित स्मारक नाहीसे होते आणि ते नाहीसे झाले हे संरक्षकांस हिशेबतपासनिसांकडून कळते, यावर भाष्य करण्याची गरज नाही. देवगिरी डोंगराएवढा असल्यामुळे तो हरवणार नाही. परंतु त्याचा एखादा बुरुज, एखादा हौद, एखादी खापरी नळाची ओळ हरवू शकते, आणि तिची खबर अहवालातही येणार नाही.

आता कायद्याकडे वळू. हा भाग आमच्या व्यापारी वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. निजामाच्या राज्यात १९१४ पासून पुराणवस्तूंचे स्वतंत्र खाते होते. ते राज्य विलीन झाल्यावर तेथील प्रमुख स्मारके १९५१ च्या कायद्याने मध्यवर्ती सरकारकडे आली आणि १९५८ चा व्यापक कायदा त्यांस लागू झाला. सन २०१० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. संरक्षित जागेच्या सीमेपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम सर्वथा निषिद्ध, आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगीवाचून काही करावयाचे नाही, असा तो दंडक आहे. मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. हेतू योग्यच आहे. परंतु दिल्लीतील एखाद्या एकट्या घुमटास आणि देवगिरीसारख्या, ज्याच्या बाहेरच्या कोटाच्या कुशीत गाव, शेते, दुकाने आणि रस्ता आहे अशा विस्तीर्ण दुर्गास एकच गज लावला, की अडचण उभी राहते. कायदा करणारांस हे ठाऊक होते. म्हणूनच प्रत्येक स्मारकासाठी त्या त्या ठिकाणची परिस्थिती पाहून स्वतंत्र उपविधी करावेत, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. परंतु बहुसंख्य स्मारकांच्या बाबतीत हे काम वर्षानुवर्षे रखडले. त्याचा परिणाम असा होतो की, प्रामाणिक गृहस्थास गळके छप्पर शाकारण्याची परवानगी मिळविताना चपला झिजवाव्या लागतात, आणि अप्रामाणिक मनुष्य रातोरात भिंत उभी करून मोकळा होतो. जो कायदा सरळ माणसास छळतो आणि वाकड्या माणसास सापडत नाही, त्याचा लोकांस तिटकारा येतो; मग तो तिटकारा किल्ल्याच्या वाट्यास जातो.

याचा अर्थ दुकानदारांचे सगळेच म्हणणे आम्ही उचलून धरतो असे मात्र नाही. तटाच्या दगडास टेकून टपरी टाकणे, खंदकात कचरा लोटणे, जुन्या चिऱ्यांवर घराची जोती उठविणे, या गोष्टी पोटासाठी म्हणून क्षम्य ठरत नाहीत. पर्यटक येतो तो तट पाहावयास. तट गेल्यावर त्याच्या सावलीतील धंदा कोण करणार? शेजारच्या कागदीपुऱ्यात हातकागद करण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो मूळ या राजधानीच्या दफ्तराच्या गरजेतून, असे परंपरा सांगते. पेठ आणि कोट यांचे नाते येथे असे जुने आहे.

रस्त्याची गोष्टही तशीच. संभाजीनगरहून खुलदाबाद आणि वेरूळकडे जाणारी वाहतूक बाहेरच्या कोटाच्या जुन्या दरवाजातून जाते. ज्या वेशीतून पालख्या, घोडे आणि फार तर तोफांचे गाडे जावेत म्हणून कमान बांधली, तिच्यातून आज बसगाड्या जातात. सुटीच्या दिवशी आणि श्रावणात दोन्हीकडे रांगा लागतात. कमानीस बसणारा धक्का आणि प्रत्येक गाडीबरोबर होणारा हादरा यांची नोंद कोणी ठेवीत नाही. जड वाहनांस दुसरी वाट काढून देणे यात पुरातत्त्वाचे गूढ काही नाही. त्यास बांधकाम खाते, जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खाते हे तिघे एका टेबलापाशी बसले पाहिजेत, इतकेच.

लोकांच्या अंगी असलेल्या दोषांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. दगडावर खिळ्याने स्वतःचे आणि दुसऱ्या कोणाचे नाव कोरून जाणारे तरुण शिकलेले असतात. निरक्षर मनुष्यास ते साधणारच नाही. घटनेच्या ५१-अ कलमाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, ते शाळेत पाठ करवून घेतात आणि सहलीत विसरतात. दुसऱ्या टोकास दुर्गप्रेमी मंडळी आहेत. त्यांची तळमळ आम्हांस पूज्य आहे; परंतु जाणकारावाचून झाड उपटणे, ढासळलेले चिरे आपल्या मनाने रचणे, टाक्यातील गाळ अभ्यासाशिवाय उपसून फेकणे, या सेवेने पुराव्याचा नाश होतो. गाळातच पुष्कळदा इतिहास असतो. अशा मंडळींनी खात्याची परवानगी मागावी, आणि खात्याने ती देताना त्यांस उपद्रवी समजू नये.

करावयाचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट ही की, देवगिरीचे उपविधी ग्रामस्थ व दुकानदार यांस बोलावून, त्यांचे म्हणणे ऐकून, मराठीत प्रसिद्ध व्हावेत, आणि शंभर व तीनशे मीटरांच्या मर्यादा जमिनीवर दगड रोवून दाखवाव्यात, म्हणजे कोणास अज्ञानाची सबब राहणार नाही आणि कोणा कारकुनास मनास येईल तशी रेघ ओढता येणार नाही. तिकिटाचा पैसा आज सरकारच्या सर्वसाधारण खजिन्यात जातो; त्याचा ठरावीक हिस्सा त्याच किल्ल्याच्या नित्य दुरुस्तीस बांधून द्यावा. किल्ल्याशीच चुन्याची घाणी चालू ठेवून आसपासच्या गवंडी, बेलदार आणि पाथरवटांच्या मुलांस जुन्या पद्धतीचे काम शिकवावे. ही विद्या एकदा गेली की ठेकेदाराकडे सिमेंटाशिवाय दुसरे उत्तर उरत नाही. आणि महाकोटाच्या पहिल्या दरवाजाशी, जेथे तिकिटे फाडतात तेथेच, एक साधी पाटी असावी: गेल्या वर्षी किती हात भिंत दुरुस्त झाली, कोणत्या बुरुजावरची झाडे काढली, किती खर्च आला, आणि पुढच्या पावसापूर्वी कोणते काम हाती घ्यावयाचे आहे. वर्षाअखेर दुकानदार आपल्या वहीची शिल्लक काढतो, तितकाच हा हिशेब सोपा आहे, आणि तो मागण्याचा अधिकार तिकीट काढून आत जाणाऱ्या प्रत्येकास आहे.